पाटीवरची चौथी ओळ

पितळी पाटीवरच्या ‘स्थानिक’ या शब्दातला ‘क’ बाकीच्या अक्षरांपेक्षा खोल गेला होता. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी. तो मी पुष्कळ नंतर मोजला. त्या सकाळी फक्त बोटाला जाणवला. अक्षरं हातानं कोरलेली होती आणि सहाही ओळींत दुसरीकडे कुठेही छिन्नी इतकी रुतली नव्हती.

“हात फिरवू नकोस गं, डाग पडतात,” पेठेकाका म्हणाले. “घामात मीठ असतं. आता हे तुला काय सांगायचं म्हणा, तू सायन्सवाली.”

मी पाटी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

आम्ही भागूबाईच्या ओट्यावर बसलो होतो. घाटमाथ्याच्या अगदी कडेला चार घरांचा धनगरवाडा. एसटी जिथे संपते ते गाव मागे तीन तासांच्या चढाईवर, आणि पुढे अर्ध्या तासावर खिंड. खिंडीपलीकडे जमीनच संपते, खाली कोकण. इथे बाहेरचं माणूस यायचं ते आमच्यासारखं, रविवारी पाठीवर पिशवी टाकून पुण्याहून भटकायला आलेलं. वाड्यातलं पहिलं घर भागूबाईचं. ट्रेकचा प्रत्येक ग्रुप तिच्या ओट्यावर ताक प्यायचा, शेजारच्या कातळातल्या टाक्यातून पाणी भरायचा, वाट विचारायचा आणि पुढे जायचा.

बरोबर एक वर्षापूर्वी कौस्तुभ आणि मी असेच इथे बसलो होतो. त्यानंतर तासाभरात तो खिंडीतून पडला.

काका एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले होते. सात महिने रोज संध्याकाळी बसून त्यांनी ती पाटी कोरली. मजकूर असा होता:

कै. कौस्तुभ दामोदर पेठे
वय वर्षे २६
दि. ८ फेब्रुवारी १९९८ रोजी
स्थानिक व्यक्तीने चुकीची वाट सांगितल्यामुळे
या खिंडीतून दरीत पडून मृत्यू.
गिर्यारोहकांनो, ऐकीव माहितीवर विसंबू नका.

स्थानिक व्यक्ती आत चुलीपाशी आमच्यासाठी ताक घुसळत होती. तिला वाचता येत नव्हतं.

“येवढ्या उनाचं कशाला आलाव, बाबा?” भागूबाई दोन पेले घेऊन बाहेर आली. सत्तरीच्या आसपासची, वाळून खारीक झालेली बाई. “गुडघं काय म्हनत्यात?”

काकांनी पेला घेतला आणि शेजारी ठेवला.

“प्या की. ताकच हाय, इख न्हाई.”

ती सहज बोलून गेली होती. काकांच्या जबड्याचा स्नायू हललेला मला दिसला. मी माझा पेला संपवला आणि पुन्हा मागितला, तेवढाच आवाज व्हावा म्हणून.

“ही पोरगी लई मोजती बघा,” ती काकांना सांगायला लागली. “मागल्या खेपंला माझं टाकं मोजलं हिनं. काठी घालून. मी म्हनलं, अगं पानी प्यायचं का त्येची उंची घ्यायची? तर तुमचा ल्योक काय म्हनला ठावं हाय? ‘मावशी, तुम्ही सुटलात. ती माझा चहासुद्धा मोजते.’” ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. मग हसू आपोआप उतरलं. “ग्वाड पोरगं व्हतं.”

काका उठले. “कोंडिबा, निघायचं का?”

कोंडिबा तिचा मुलगा, चाळिशीचा. त्यानं अवजारांची पिशवी खांद्याला लावली: पाटी, छिन्नी, हातोडा, चार मोठे स्क्रू आणि दोन किलो सिमेंट. भागूबाईनं आतून एक नारळ आणला आणि पदरात बांधला.

“आई कुठे येते?” मी कोंडिबाला हळूच विचारलं.

“पोराचं नाव लावत्यात म्हनल्यावर ऱ्हाती व्हय ती.”

वाट सुरुवातीला सपाट होती. गवत पिवळं पडलेलं, कारवीच्या वाळक्या काठ्या दोन्ही बाजूंना. कोंडिबा पुढे, मी त्याच्यामागे, काका माझ्यामागे आणि सगळ्यांत शेवटी भागूबाई, अनवाणी. काका दर शंभर-सव्वाशे पावलांवर थांबत. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते पहिल्यांदाच डोंगरावर आले होते.

“दर रविवारी मी त्याला म्हणायचो, त्या दगडांत काय आहे रे?” एका थांब्यावर ते म्हणाले. “तो म्हणायचा, बाबा, एकदा या, मग सांगतो. आता आलो.”

मी त्यांना पाणी दिलं.

“तुझ्यामुळे निदान आम्हाला सगळं नीट कळलं,” पाणी पिऊन ते म्हणाले. “नाहीतर पोरगं गेलं कसं, हेसुद्धा कळलं नसतं. ही तर रोज तेच म्हणते. वृंदा होती बरोबर, तो एकटा नव्हता.”

‘ही’ म्हणजे काकू. त्या आल्या नव्हत्या. निघताना त्यांनी माझ्या हातात मेथीच्या लाडवांचा डबा दिला होता आणि म्हणाल्या होत्या, “पाटी लावून या बाई एकदाची. मग मला झोप लागेल.” मी गेलं वर्षभर प्रत्येक रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात होते. माझं घर नागपूरला. पुण्यात मी भूशास्त्राच्या एम.एस्सी.साठी आले आणि मग तिथेच शिकवायला लागले. कौस्तुभ असताना त्या घरात मी पाहुणी होते. तो गेल्यावर मुलगी झाले.

“आणि तो तुझ्या नकला काय करायचा!” काका चालू लागले तशी त्यांची कळी थोडी खुलली. “तुझं ते नागपुरी. स्कूटरवर तू त्याला म्हणालीस म्हणे, ‘त्या मोडावर गाडी थांबव.’ आणि हा म्हणाला, ‘मोड? मटकीला आलेत का?’”

“हो,” मी म्हणाले.

“आठवडाभर पुरवलंन ते. हिनं उसळ वाढली की हा विचारायचा, ‘आई, हे मोड डावीकडचे की उजवीकडचे?’” ते हसले आणि हसता हसता त्यांना धाप लागली. ते खाली बसले.

भागूबाई मागून आली, त्यांच्याकडे बघितलं आणि आपली काठी त्यांच्यासमोर धरली.

“घ्या.”

“नको.”

“घ्या वं. मला दोन पायच पुरं हायती.”

काकांनी काठी घेतली नाही. पण मी आणि कोंडिबा पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं, तर काठी त्यांच्या हातात होती.

आम्हा दोघांत आणि मागच्या दोघांत बरंच अंतर पडलं होतं. कोंडिबानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“ताई, मी चौथी शिकलोय.”

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

“मघा पिशवी भरताना फडकं सुटलं. वाचली.” तो चालतच होता. “चौथी ओळ दोनदा वाचली.”

“मग?”

“मग काय? उचलली.” थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, “येवढंच करा, आयेला वाचून दाखवू नगा. तिला वाटतंय निस्तं नाव हाय. नारळ घिऊन आलीया.”

“तुम्ही काकांना काही बोलला नाहीत?”

“ज्येचा ल्योक गेला त्येला काय बोलनार? मला चौकीत बोलावलं दोनदा, गेलो. पेपरात आलं, आलं. त्येच्यानंतर कुनी ग्रुप आमच्या ओट्याला थांबत न्हाई. टाक्यावरनं पानी भरत्यात आन् मान खाली घालून जात्यात. परवा एक पोरगं आयेनं वाट सांगाय लागल्यावर म्हनलं, ‘आज्जी, ऱ्हाऊ दे, आमच्याकडं नकाशा हाय.’ दोन दिस जेवली न्हाई ती.” त्यानं समोरची एक फांदी बाजूला धरून मला वाट दिली. “तिचं आपलं येकच. मी नीट सांगितलं व्हतं म्हनती. चौकीतबी त्येच म्हनली. कुनी लिवून घेतलं न्हाई. आता वय झालंय, चुकली बी आसंल. पर ताई, तुम्ही व्हता न्हवं तितं? काय म्हनली व्हती ती? शब्दाला शब्द सांगा मला.”

तो उभा राहिला होता. त्याच्या प्रश्नात आरोप नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“पुढे चला,” मी म्हणाले. “ऊन वाढतंय.”

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि तो चालू लागला.

मला शब्दाला शब्द आठवत होता. कौस्तुभ बाटल्या भरायला टाक्यावर गेला होता, ओट्यापासून साधारण पन्नास पावलांवर. मी भागूबाईला विचारलं, “मावशी, खाली कोकणात उतरायची वाट कशी आहे?” ती शेण थापत होती. मान वर न करता म्हणाली, “खिंडीत दोन फाटं लागत्याल. डावीकडं वाट मोडलीया बघा. नीट बघून जावा.” मी बरं म्हणाले. कौस्तुभ परत आला आणि त्यानं विचारलं, “काय म्हणाली?” मी म्हणाले, “खिंडीत डावीकडे वळायचं.”

खिंडीत पोचलो तेव्हा डावीकडे कड्याच्या कुशीतून एक वाट खरंच जात होती. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा असतो, ती त्याच्यावरून होती. तो पट्टा ठिसूळ असतो, हे मी त्याच वर्षी मुलांना शिकवलं होतं. माती ताजी तुटलेली आहे, हे एरवी मला वीस पावलांवरून कळलं असतं. पण वाट हीच, हे मला आधीच माहीत होतं, त्यामुळे मी वाटेकडे पाहिलंच नाही. मी वर घिरट्या घालणाऱ्या गिधाडाकडे पाहत होते. कौस्तुभ पुढे होता. “अगं, इथे जरा…” असं काहीतरी तो म्हणाला. वाक्य पुरं झालं नाही.

पोलिसांना दिलेल्या जबाबात मी सांगितलं की धनगरवाड्यातल्या बाईंनी डावीकडची वाट सांगितली. तेव्हा ते मला खरं वाटत होतं. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही. क्रम असा होता म्हणून लिहिते.

ऑक्टोबरमध्ये आमच्या ट्रेकच्या ग्रुपची बैठक होती. कुणीतरी दुसऱ्याच एका किल्ल्याची माहिती वाचून दाखवत होतं: “उत्तरेकडची वाट आता मोडली आहे.”

“मोडली म्हणजे कुठल्या बाजूला?” मी विचारलं.

सगळे हसले. “अहो नागपूरकर, मोडली म्हणजे मोडली! ढासळली. संपली. राहिली नाही.”

मीही हसले. मग उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसले.

खुर्ची मोडते, हाड मोडतं, ठरलेलं लग्न मोडतं, हे मला माहीत होतं. वाट मोडते हे माहीत नव्हतं. आमच्या घरी बाबा गाडी मोडायचे म्हणजे वळवायचे. रस्ता चौकातून मोडायचा आणि आमच्या घराकडे यायचा. कौस्तुभनं तो शब्द ऐकला असता, तर त्याला एका क्षणात कळलं असतं. त्यानं तर त्याच शब्दावरून मला आठवडाभर छळलं होतं.

त्या जिन्यातच मी ठरवलं की येत्या रविवारी काका-काकूंना सांगायचं. रविवारी काकूंनी मला कौस्तुभचा निळा स्वेटर दिला, म्हणाल्या, “थंडी पडेल, तुलाच होईल.” मग पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्या रविवारी काका पाटीवरची तिसरी ओळ कोरत होते. मी चौथी सुरू व्हायच्या आत सांगणार होते. ते कोरत असताना मी समोर बसून मटार सोलले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, असे सोळा रविवार.

खिंडीत वारा होता. डाव्या फाट्याच्या तोंडावर कुणीतरी काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली होती आणि त्यांच्यावर पुरुषभर उंचीचा दगडांचा बांध रचला होता.

“हे कुणी केलं?” काकांनी विचारलं. ते काठीवर भार देऊन उभे होते.

“आयेनं,” कोंडिबा म्हणाला. “मागल्या उन्हाळ्यात. म्हशी चारायला आली की धा-धा दगडं आनायची. मी म्हनलं मी करतो, तर नगं म्हनली.”

काकांनी बांधाच्या एका दगडाला हात लावून पाहिला. मग त्यांनी उजव्या हाताच्या कातळावर जागा निवडली, खडूनं चार ठिपके काढले आणि कोंडिबाच्या हातून छिन्नी घेतली. पहिलं भोक त्यांनी स्वतः पाडलं, दुसरं कोंडिबानं. तिसरं पाडताना काकांची छिन्नी सरकू लागली, तेव्हा भागूबाई पुढे झाली आणि तिनं दोन्ही हातांनी छिन्नी धरली. काकांनी हातोडा वर उचलला होता. तो तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्यांनी अगदी हलके, मोजून घाव घातले, तिच्या बोटांना लागू नये म्हणून.

चार भोकं झाली. मी फडकं सोडून पाटी बाहेर काढली. पितळेवर ऊन पडलं आणि भागूबाईनं डोळ्यांवर हात धरला.

“सोन्यावानी दिसतीया,” ती म्हणाली. पदरातला नारळ तिनं खाली ठेवला. “काय लिव्हलंय, बाबा?”

काकांनी तोंड उघडलं. मग त्यांनी आपल्या हातातल्या काठीकडे पाहिलं, तिच्या काठीकडे. सात महिने त्यांनी ती अक्षरं कोरली होती, पण ती मोठ्यानं म्हणून पाहिली नव्हती.

“वृंदा, तू वाच,” ते म्हणाले. “जेवढं… तुला वाटेल तेवढं वाच.”

कोंडिबा माझ्याकडे बघत नव्हता. तो दरीकडे तोंड करून उभा होता.

त्यांनी मला सुटकेची जागा करून दिली होती, काकांनीही आणि कोंडिबानंही. तीन ओळी वाचायच्या, नारळ फोडायचा, चार स्क्रू पिळायचे आणि काठी परत देऊन उतरायचं. काकूंना झोप लागली असती. पुढच्या रविवारी माझं ताट मांडलेलं असतं.

“कैलासवासी कौस्तुभ दामोदर पेठे,” मी वाचलं.

भागूबाईनं हात जोडले.

“वय वर्षे सव्वीस.”

“लई ल्हान,” ती स्वतःशीच म्हणाली.

“दिनांक आठ फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी.”

माझं बोट पुढच्या ओळीवर आलं. ‘स्थानिक’. पहिली दोन अक्षरं सारखी, आणि मग तो खोल गेलेला ‘क’. सकाळी मला वाटलं होतं की रागानं हात जड झाला असेल. आता वाटलं, त्या अक्षरापाशी ते थांबले असतील, आणि पुढे जायला त्यांना जास्त जोर लागला असेल.

“म्होरं?” भागूबाई म्हणाली. तिनं अजून हात जोडलेलेच होते. “म्होरं काय हाय, बाय? येवढी अक्षरं हायती की.”

“वृंदा, पुरे,” काका म्हणाले.

मी पाटी उलटी केली आणि जमिनीवर ठेवली. मग काकांकडे बघितलं, कारण हे त्यांच्याकडे बघूनच बोलायला हवं होतं.

“काका, ही पाटी इथे लावायची नाही. चौथी ओळ खोटी आहे. मावशींनी डावीकडची वाट मोडली आहे असंच सांगितलं होतं, अगदी नीट सांगितलं होतं. मी ‘मोडली’ म्हणजे ‘वळली’ असं समजले. कौस्तुभ टाक्यावर होता, त्यानं त्यांचं काहीच ऐकलं नाही. डावीकडे वळ, असं त्याला मी सांगितलं.”